आमचे पप्पा, आमचा आज्जा : घरातल्या देवभक्त माणसांच्या आठवणी

मलप्रभाकाठची
सर्वांना सलाम. नाताळची झाडलोट काढली आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून पप्पांचं बायबल खाली आलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेलं. सोडायला गेले तर पट्टीचा हातातच चुरा झाला. मग कसली झाडलोट, तिथंच बसले.

पप्पा लाइनमन होते, खानापूरच्या पुढं कणकुंबीच्या बाजूला. तिकडचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. खांबावर चढायच्या आधी टोपी काढून, मान खाली घालून क्षणभर उभे राहायचे, पाऊस डोक्यावर घेत. बरोबरची पोरंही पुढं पुढं त्यांच्यासाठी थांबायला लागली. रविवारी ड्युटी लागली तरी पिशवीत इस्त्रीचा पांढरा शर्ट असायचाच. चर्चमध्ये भक्ती सुरू झाल्यावर मागून ओल्या रबरी बुटांचा वास आला की मला न वळता कळायचं, पप्पा आले.

बायबलच्या समासात पेन्सिलीनं नावं आहेत. नावापुढं एकदोन शब्द : ताप. दहावी. बैल बसलाय. पोरगा मुंबईला, पत्र नाही. प्रार्थना ऐकली गेली की नावावर बारीकसा क्रूस. माझं नाव सतरा ठिकाणी आहे. दोनदा मोजलं.

सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. तुमच्याकडं असं कोण होतं? लिहा.

शहापूरची सून
बैल बसलाय वाचून डोळे भरले गं.

नंदगडकर
आम्ही कॅथलिक. घरात कोंकणी, गल्लीत मराठी, कचेरीत कानडी. आज्जाची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संध्याकाळी सातला. तोवर ताटं मांडायची नाहीत. पाव्हणा आला तर त्यालाही चटई. संपली की आम्ही सगळी पोरं ओळीनं आज्जापुढं जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचो. प्रत्येकाच्या डोक्यावर हात. शेतात राबलेला हात, केसात अडकायचा. आज मी माझ्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवतो तेव्हा तो खरखरीतपणा आठवतो.
1953 ला बेळगाव धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हा आज्जा तरणा होता. 'आपला बिशप आता आपल्या गावचा' हे वाक्य म्हातारपणीसुद्धा तितक्याच आनंदानं सांगायचा.

करंजीवाली
झाडलोटीचा विषय निघालाच आहे तर, करंज्या कधी करताय सगळ्या? माझं सारण दरवर्षी सुटतं.

नंदगडकर
आमच्याकडं न्यूऱ्या म्हणतात. सारणात खसखस भाजून घाला, आई तसंच करते.

करंजीवाली
बघते. आमचे बाबा पहिलं ताट शेजारच्या मुल्लाचाच्यांकडं पाठवायचे, मग घरच्यांना. तळण चालू असताना आम्ही पोरं नुसती वास घेत बसलेली.

टिळकवाडी
मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. आमच्या चाळीत एक मास्तर होते, त्यांना आम्ही आज्जाच म्हणायचो. पेटी सुंदर वाजवायचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं त्यांच्या तोंडून ऐकली आणि पहिल्यांदा कळलं की अभंगाच्या चालीत येशूलाही हाक मारता येते. सांगायचे, 'टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले, पण ओवी-अभंग सोडून गेले नाहीत.' माझे वडील वारकरी. दोघं एकादशीला अंगणात बसायचे, एक भजन ह्यांचं, एक त्यांचं. वडील गेले तेव्हा मास्तर स्मशानापर्यंत अनवाणी चालत आले. ऐंशी वर्षांचा माणूस, मे महिना.

कॅम्पातली
मास्तर मेथडिस्ट (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) असतील का? आमचे पणजोबा लंडन मिशनच्या वेळचे. बेळगावात मिशनचं काम 1820 ला सुरू झालं, 1904 ला मेथडिस्टांकडं आलं. एकाच देवळात आमची पाचवी पिढी.
आणि एक काम होतं, मोठ्या टायपातलं 'उपासना संगीत' (आमचं गीतांचं पुस्तक) कुठं मिळेल? आईला आता बारीक दिसत नाही.

टिळकवाडी
मेथडिस्टच होते, बहुतेक.

शहापूरची सून
@कॅम्पातली, पाळकसाहेबांना विचारा. नाहीतर दर रविवारची गीतं मोबाइलवर मोठी करून द्या, सासूबाईंना मी तसंच देते.

निपाणीकर
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.
वडील दवाखान्यात होते, शेवटचे दिवस. रात्री म्हणाले, तेविसावं स्तोत्र म्हण. मी दिवसभर औषधं-बिलं करून आलेलो, म्हटलं, झोपा आता, सकाळी म्हणू. सकाळ झालीच नाही त्यांची. नऊ वर्षं झाली. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात जातो, मेणबत्ती लावतो आणि ते स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं म्हणतो. आजूबाजूचे लोक बघतात. बघू देत.

मलप्रभाकाठची
@निपाणीकर दादा, त्यांना ते तोंडपाठ असणार. त्या रात्री मनात म्हटलंच असेल त्यांनी. तुम्ही जवळ होता ना.

निपाणीकर
होय ताई. हात धरून होतो.

करंजीवाली
ताई, त्या पानाचा एक फोटो टाका ना.

मलप्रभाकाठची
नाही टाकत गं. लोकांची दुखणी आहेत त्यात, त्यांनी पप्पांना विश्वासानं सांगितलेली. पण एक सांगते. बांधावरून ज्या शेजाऱ्याशी आमचं बोलणं तुटलं होतं, त्यांचं नाव शेवटच्या पानावर आहे. पुढं लिहिलंय 'गुडघे'. क्रूस नाही.
काल त्यांना दारात बघितलं, काठी घेऊन चालतात अजून. आज पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.