सरकारी-सेवाभावी नोकरी आणि माफ होणारं शैक्षणिक कर्ज (अमेरिका) : तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेत २००७ साली कायदा झाला : सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत फेडरल (म्हणजे केंद्र सरकारच्या) शैक्षणिक कर्जाचे १२० मासिक हप्ते भरा, उरलेलं माफ. पीएसएलएफ (पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस) म्हणतात ते हेच. ऐकायला एका ओळीचं आहे, पण ज्यांनी ज्यांनी केलंय त्यांच्या घरी फायलींचे गठ्ठे आहेत. भाचीने नुकतीच पब्लिक डिफेंडरच्या (गरीब आरोपींसाठीच्या सरकारी वकिलांच्या) ऑफिसात नोकरी धरली, डोक्यावर लॉ स्कूलचं कर्ज. तिला दाखवायला हा धागा. नियम सरकारी संकेतस्थळावर आहेतच, तुमचं प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. कर्जाचा आकडा नाही सांगितलात तरी चालेल.

ओहायो, काउंटीचा बालकल्याण विभाग
माझं कर्ज २००६ चं. तेव्हा पैसे बँक द्यायची आणि हमी सरकारची, एफएफईएल म्हणायचे त्याला. माफीला चालतं फक्त डायरेक्ट लोन, म्हणजे सरकारने स्वतः दिलेलं कर्ज, हे मला कित्येक वर्षं कुणी सांगितलं नाही. कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीला फोन करून विचारायचे, ‘मी काउंटीत आहे, माझे हप्ते धरताय ना?’ पलीकडून गोड आवाजात ‘येस मॅम’. ऑक्टोबर २०१७ मध्ये पहिल्या लोकांची दहा वर्षं भरली आणि सुरुवातीचे जवळजवळ सगळे अर्ज फेटाळले गेले, तेव्हा कुठे मी कागद नीट उघडून बसले.

मग ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ अशी वर्षभर सवलत आली : जुनं कर्ज डायरेक्टमध्ये एकत्र करून घ्या, आधीचे हप्तेही मोजू. शिवाय मार्च २०२० पासून करोनामुळे थांबलेले शून्य डॉलरचे महिनेसुद्धा नोकरी चालू असल्यामुळे मोजणीत आले. माफीचं पत्र आलं तर नवरा ते उलटसुलट करून बघतोय, कुठे बारीक अक्षरात काही लिहिलंय का. फेडरल टॅक्सही लागला नाही. मंडळात सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. नशीब कसलं! त्या पगारात ते काम करायला माणसं टिकत नाहीत, म्हणून तर कायदा केला ना?

टेक्सस, डॉक्टर
रेसिडेन्सीची (डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलातल्या पगारी प्रशिक्षणाची) वर्षं धरतात! हॉस्पिटल सरकारी किंवा ना-नफा हवं. तेव्हा पगार कमी, म्हणून उत्पन्नावर बेतलेला हप्ताही कमी. आमच्याकडे आणि कॅलिफोर्नियात बऱ्याच हॉस्पिटलांना डॉक्टर थेट नोकरीवर ठेवता येत नाहीत, त्यामुळे रेसिडेन्सीनंतर आम्ही या योजनेच्या बाहेरच. जुलै २०२३ पासून अशा डॉक्टरांनाही धरतात, तीही अडचण सुटली.

न्यू जर्सी, सरकारी शाळेत गणित शिकवते
लग्न झालेल्यांनी लक्ष द्या. नवरा आयटीत असेल आणि टॅक्स एकत्र भरलात तर त्याचाही पगार धरून हप्ता ठरतो. वेगवेगळा भरला तर हप्ता उतरतो पण टॅक्स वाढतो. दर वर्षी मार्चमध्ये आमच्याकडे यावरून महाभारत.

मिशिगन, सरकारी विद्यापीठातली प्रयोगशाळा
आमच्यासारखे एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आलेले या गावचेच नाहीत. फेडरल कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. माझं कर्ज नाशिकच्या बँकेचं, बाबांचा फ्लॅट गहाण. नोकरी सार्वजनिक सेवेचीच, पण हप्ता रुपयांत आणि माफी शून्य. तक्रार नाही, पण नव्याने येणाऱ्या मुलांना कुणी ‘तिकडे कर्ज माफ होतं’ म्हणून सांगत असेल तर त्याला आवरा.

पुणे
गंमत वाटली वाचून. आमच्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर १० लाख भरा. तिकडे सेवा केली तर कर्ज जातं, इकडे नाही केली तर कर्ज होतं.

शिकागो
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी खासगी नोकरी करून सगळं कर्ज फेडलं, सुट्टीत भारतात गेलो नाही. माझ्या टॅक्समधून दुसऱ्याचं का फेडायचं?

ओहायो
@शिकागो, दादा, राग नाही. पण ही खैरात नव्हे, करार आहे. सरकारने अट घातली, मी ती पाळली. सैनिकाच्या पेन्शनला कुणी माफी म्हणत नाही.

मेरीलँड, स्थलांतरितांना कायदेशीर मदत करणारी संस्था
माझं मधेच लटकलंय. सेव्ह नावाच्या, उत्पन्नावर हप्ता ठरवणाऱ्या योजनेत होते, २०२४ मध्ये कोर्टाने ती अडवली. हप्ता बंद, पण ते महिने मोजणीतही नाहीत. १२० पूर्ण व्हायला तेवढेच महिने कमी पडत असतील तर मागाहून पैसे भरून ते विकत घेता येतात, त्याला ‘बायबॅक’ म्हणतात. मी अर्ज केलाय. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा नियम जाहीर झाला, जुलै २०२६ पासूनचा : ज्या संस्थेचा उद्देश बेकायदा आहे असं शिक्षण खातं ठरवेल, ती माफीला चालणाऱ्या संस्थांतून बाद. आमचं काम कोणत्या विषयात आहे ते वर लिहिलंच आहे.

भाचीला सांगा, माफीसाठी लागणारा नोकरीचा दाखला दर वर्षी ऑफिसकडून सही करून घे, नोकरी सोडताना तर नक्कीच. कर्ज दुसऱ्या कंपनीकडे गेलं की मोजणी कधी कधी मागे पडते. संकेतस्थळावरचं हप्त्यांच्या मोजणीचं पान दर महिन्याला पीडीएफ करून ठेव, आणि तारीख दिसेल असं.