मदत हवी आहे: पुनावळ्याचा फ्लॅट सोडायचा म्हणतोय, पण त्यासाठी शेत विकायला निघालेल्या वडिलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडा लांबलाय, पण १ नोव्हेंबरच्या आत बिल्डरला कळवायचं आहे, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

मी २९ वर्षांचा, मूळचा बार्शीचा. २०१८ ला मेकॅनिकल करून पुण्यात आलो. त्या क्षेत्रात धड पगाराची नोकरी मिळेना, म्हणून टेस्टिंगचा कोर्स केला आणि आयटीत शिरलो. बायको मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. आहे, एका खासगी लॅबमध्ये कामाला आहे. लग्नाला दोन वर्षं झाली. रहाटणीत वन बीएचकेत भाड्याने राहतो, भाडं १९ हजार. माझे हातात ६८ हजार येतात, तिचे ३१.

दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ ला, आम्ही पुनावळ्यात टू बीएचके बुक केला. किंमत ७४ लाख, ताबा २०२८ च्या शेवटी. टोकनचे २ लाख त्याच दिवशी भरले आणि वाटपपत्र घेतलं. करारनामा दिवाळीनंतर करायचा ठरला होता.

७४ लाख नुसते बोलायला. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याचे ३ लाख ७० हजार. मुद्रांक शुल्क ७ टक्के, त्याचे ५ लाख १८ हजार. नोंदणीचे ३० हजार. सगळं मिळून ८३ लाख १८ हजार. बँक कर्ज देणार ७४ लाखांच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५९ लाखांच्या आसपास. उरलेले २४ लाख आपण उभे करायचे. एफडी, म्युच्युअल फंड, तिचं थोडं सोनं असं सगळं धरून आमचे ९ होतात. राहिलेल्या १५ लाखांसाठी अण्णा (माझे वडील) विहिरीकडचं एक एकर विकायला निघाले आहेत. मी मागितले नव्हते. त्यांनीच सुचवलं, आणि मी नको म्हणालो नाही.

१६ ऑक्टोबरला संध्याकाळी साडेचारला मीटिंग लागली. क्लायंटने काम काढून घेतलं होतं. आम्ही अकरा जण होतो. सहा जणांना दुसऱ्या प्रोजेक्टवर घेतलं, आम्ही पाच जण बेंचवर, म्हणजे पगार चालू पण हातात काम नाही. डिसेंबरअखेरपर्यंत नवं काम मिळालं तर ठीक, नाहीतर पुढे काय ते कुणी स्पष्ट बोलत नाही. जुलैत टीसीएसने २ टक्के म्हणजे सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासूनच सगळीकडे चुळबुळ होती. माझी कंपनी त्यांच्यापुढे खूप लहान आहे. जेवायला आमच्या टेबलाला जागा पुरायची नाही, खुर्च्या ओढून आणाव्या लागायच्या. आता आम्ही तिघंच डबे उघडतो, आणि तिघांच्याही मोबाइलवर नोकरीचीच पानं उघडी असतात.

वाटपपत्रात बुकिंग रद्द करण्याचं कलम आहे. १५ दिवसांत रद्द केलं तर काही कापत नाहीत. १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यापुढे २ टक्के. महारेराने (राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाने) ठरवून दिलेल्या नमुन्यातलंच आहे हे, त्यामुळे बिल्डरशी माझं काही भांडण नाही. मला प्रोजेक्टचं कळलं १६ ला, आणि काही न कापता रद्द करायची मुदत होती १७ पर्यंत. त्या रात्री मी ते पत्र कपाटातून काढलंसुद्धा नाही. दिवाळीला गावी जाऊन येऊ, मग बघू, असं म्हणालो. तो एक दिवस ७४ हजारांना पडला.

आता मूळ अडचण.

अण्णा एसटीच्या बार्शी डेपोत मेकॅनिक होते, २०२२ ला निवृत्त झाले. पेन्शन महिना तीन हजारांच्या आसपास. बाकी भिस्त शेतावर. यंदा सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन पाण्यात गेलं. जे उभं राहिलं त्याच्या शेंगांना जागेवरच कोंब आले. दिवाळीत रानात गेलो तर कुजक्या पाल्याचा वास बांधापर्यंत येत होता. पाडव्याला ओवाळून झाल्यावर अण्णांनी कपाटातून कॅलेंडरची प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत ताजा काढलेला सातबारा होता, मागच्या बाजूला पेन्सिलने गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि खाली गुंठ्याचा भाव. म्हणाले, "नाहीतरी रानात काय राहिलंय. तुझ्या घराला तरी लागू दे."

याच तुकड्यासाठी ते २०१२ ला आणि पुन्हा २०१५ ला टँकरचं पाणी विकत घेत होते. विहिरीचा तळ दिसत होता, तरी बांधावरची सीताफळं जगवली. ताईचं लग्न त्याच काळात झालं. तेव्हा भावकीतल्या कितीतरी जणांनी विकायला सांगितलं, यांनी सोसायटीचं कर्ज काढलं पण एक गुंठाही दिला नाही. आणि आता माझ्या फ्लॅटसाठी पिशवीत सातबारा घालून तयार बसले आहेत. माझा प्रोजेक्ट गेल्याचं त्यांना माहीत नाही. मी चार दिवस घरी होतो आणि सांगितलं नाही.

हिशोब सरळ आहे. ५९ लाखांना पावणेआठ टक्क्यांनी २० वर्षं म्हणजे हप्ता साधारण ४८,४००. पूर्ण कर्ज उचललं गेलं की ताबा मिळेपर्यंत भाडंही चालूच, म्हणजे ६७ हजार. माझा अख्खा पगार, तोही असला तर. बायको म्हणाली, "मला घर नको असं नाही. तुझा पगार थांबला तर माझ्या एकतीस हजारांत हा हप्ता बसत नाही, एवढंच मला कळतं." त्यावर मला बोलायला काही उरलं नाही. फ्लॅट सोडायचा हे आमचं जवळजवळ ठरलंय.

पण मला आतून खातंय ते वेगळंच. २०१९ ला मी डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: तिशीच्या आत जर्मनीत मास्टर्स, पुण्यात घर, आई-अण्णांना काशी. जर्मनीचं २०२३ ला सोडलं. ब्लॉक्ड अकाउंटला (तिथल्या वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) तेव्हा ११,२०८ युरो दाखवायला लागायचे, जवळपास दहा लाख रुपये, आणि अण्णा नुकतेच निवृत्त झाले होते. मग ठरवलं, दोन वर्षांनी. मूल? घर झाल्यावर. बायकोची पीएच.डी.? ताबा मिळाल्यावर. आता घरही नंतर. प्रत्येक वेळचं कारण खरं होतं, हे मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा तपासून सांगतोय. तरी एक भीती जात नाही. माणूस एकदा बेत लहान करायला लागला की त्याला तीच सवय लागते का? की तो काळ सरल्यावर बेत पुन्हा मोठा करता येतो? ज्यांनी २००८-०९ ला किंवा कोविडात असं काही सोडलं होतं, त्यांनी कृपया लिहा. पुढे काय झालं? सोडलेलं परत हाती घेतलं का, की नंतर त्याची गरजच वाटली नाही?

दुसरं, अण्णांना कसं सांगू? नोकरीचं सांगितलं तर ते शेत विकून पैसे माझ्या हातात देतील, "असू दे जवळ" म्हणून. नाही सांगितलं तर त्यांना वाटेल की पोराला आपला पैसा नको झालाय. घरच्यांशी असं बोलायची वेळ कुणावर आली असेल तर नेमकं काय बोललात ते सांगा. कसं बोलायचं, हेच मला सुचत नाहीये.

तिसरं, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-अण्णा आहेत. नोकरी गेली तर तो जाईल. आईला सहा वर्षांपासून शुगर आहे. त्यांचा वेगळा विमा आत्ताच काढावा का?

भर, २६ ऑक्टोबर सकाळ: इतक्या पटकन इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. खूप आभार. एकेकाला लिहीनच, सध्या थोडं एकत्र लिहितो.

घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, हे बरोबर आहे, ७४ हजार वाचतील. पण अडलंय ते हप्त्यावर. व्याजावर टॅक्स वाचेल असं दोघांनी लिहिलंय. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, आणि माझ्या पगारावर यंदा तसाही टॅक्स बसत नाही. व्याजदर उतरलेत हेही खरं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) साडेसहावरून साडेपाचवर आला, सेल्सचा माणूस हेच सांगत होता. पण दर पुन्हा चढला तर हप्ताही चढणार, आणि नोकरी राहील का याची हमी त्यातून मिळत नाही.

"वडिलांचे पैसे उसने समज आणि फेड" असं ज्यांनी लिहिलं त्यांचा हेतू चांगला आहे. पण १५ लाख मी कधीतरी फेडीन, ते एकर परत येणार नाही. ज्याला विकणार तो तिथे प्लॉट पाडणार आहे.

बारामतीच्या ताईंनी लिहिलेलं मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. २००९ ला त्यांच्या यजमानांची नोकरी गेली तेव्हा त्यांनी बुक केलेलं घर सोडलं आणि सहा वर्षांनी दुसरं घेतलं, आधीच्यापेक्षा लहान, पण कर्ज आठ वर्षांत संपलं. आणि त्या सहा वर्षांत त्यांनी बी.एड. पूर्ण केलं. ताई, तुम्ही "मधली वर्षं रिकामी नव्हती" असं लिहिलंत, त्यावर आम्ही रात्री बराच वेळ बोलत बसलो. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा घराच्या ताब्याला कुणी बांधून ठेवली होती, असं ती म्हणाली. मीच बांधली होती. ती आता फॉर्म भरणार आहे.

आत्ता स्वारगेटहून बार्शीच्या एसटीत बसलोय. टेंभुर्णीपर्यंत काय बोलायचं ते ठरवतो.

भर, २९ ऑक्टोबर: सांगितलं.

ठरवलेलं काहीच बोललो नाही. अण्णा अंगणात मोटरची वायर जोडत बसले होते. मी शेजारी बसून पक्कड धरली आणि म्हणालो, अण्णा, माझ्या हातात सध्या काम नाही, पगार अजून चालू आहे, आणि फ्लॅट मी सोडतोय. त्यांनी आधी वायर पूर्ण जोडली, टेप गुंडाळली. मग विचारलं, "गिऱ्हाइकाला काय सांगू?" मी म्हणालो, नाही म्हणून सांगा. "तुला लागणार नाहीत पैसे?" मी म्हणालो, लागले तर मागेन, पण त्यासाठी रान नको. त्यावर ते काही बोलले नाहीत. पिशवी कपाटात ठेवून आले आणि डेपोकडे निघून गेले, रात्री जेवायलाच परतले.

इथे एकाने लिहिलं होतं की वडिलांना उलट हायसं वाटेल. तसं सगळंच झालं नाही. आई म्हणाली, त्यांनी डेपोतल्या जुन्या लोकांना फ्लॅटचे फोटो दाखवले होते, कुठली खोली त्यांची आणि आईची तेही सांगितलं होतं. मला हे माहीत नव्हतं. हे ऐकल्यावर मला रात्रभर झोप आली नाही. त्याच्यावर माझ्याकडे काही उपाय नाही, फक्त इथे लिहून ठेवतो.

सोमवारी पहाटे मी निघताना ते स्टँडपर्यंत आले. गाडी लागल्यावर म्हणाले, वाफसा आला की विहिरीकडच्या तुकड्यात हरभरा टाकतो, तू थर्टी फर्स्टला ये, तोवर घाटे धरतील.

काल बिल्डरला मेल केला. १ टक्का कापून १ लाख २६ हजार ४५ दिवसांत परत येतील, असं उत्तर आलंय. आमच्या ९ लाखांतले ६ वर्षभराचा खर्च म्हणून वेगळे काढलेत, त्याला हात लावायचा नाही.

विम्याबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांचं ऐकून चौकशी सुरू केलीय. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, हे मला इथेच कळलं. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, म्हणजे आईसाठी जितक्या लवकर काढू तितकं बरं, एवढं पटलं. फक्त एक अजून विचारायचं आहे: कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत आई-वडिलांना कुणी हलवलंय का? नोकरी चालू असतानाच अर्ज करावा लागला का, आणि ग्रुपमधली जुनी वर्षं धरली का? अनुभव असेल तर कृपया लिहा. नोव्हेंबरच्या पगारातून पहिला हप्ता भरायचा आहे.