बी.एस्सी. बी.एड. गणित-विज्ञान शिक्षक, बाहेरदेशात जायचं तर कोणता व्हिसा धरावा?

दारव्हा_सर
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खाजगी शाळेवर आठवी ते दहावीले गणित-विज्ञान शिकवतो, सहा वर्षं झाली. वय ३२, दोन-तीन महिन्यांत ३३ लागते. बी.एस्सी. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स अमरावती विद्यापीठातून, मंग दोन वर्षांचं बी.एड. शाळा २० टक्के अनुदानावर येऊन अडकली, पुढचा टप्पा कधी लागन ते संस्थावालेही सांगू शकत नाहीत. घरी बायको, चार वर्षांची पोरगी, आई-बाबा आन कोरडवाहू वावर, कापूस-तूर.

शिकवणं सोडाचं नाही हे पक्कं आहे. तिकडं जाऊन गोडाऊनमंधी खोके उचलाचे नाहीत, वर्गात उभं राहून बीजगणितच शिकवाचं आहे, फक्त घर चालेल एवढ्या पगारावर.

नागपूरचा एक कन्सल्टंट म्हणते यूके बेस्ट, साडेआठ लाख द्या, स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट आम्ही काढून देतो, व्हिसा पक्का. दुसरा म्हणते ऑस्ट्रेलियाची पीआर, म्हणजे तिकडं कायम राहाची परवानगी. मावसभाऊ मस्कतले आहे, तो म्हणते इकडंच ये. बायको म्हणते जाचं तर तिघांनी, नाहीतर नाही. बाबांनी वावर गहाण ठेवाची गोष्ट काढली तवापासून मले झोप नाही. कोणी शिक्षक म्हणूनच गेलं असन तर सांगा, कोणता रस्ता धरू?

पुसदकर_ताई
सर, पहिले तर वावराला हात लावू नका आणि त्या माणसाला एक रुपया देऊ नका. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप विकत मिळत नसते. ते शाळा देते, म्हणजे ज्या शाळेकडे किंवा ट्रस्टकडे होम ऑफिसचं, म्हणजे तिथल्या गृहखात्याचं, परदेशी माणूस नोकरीला बोलवायचं स्पॉन्सर लायसन्स आहे ती, आणि त्याची फी उमेदवाराकडून वसूल करायला मनाई आहे. लायसन्सवाल्यांची पूर्ण यादी यूके सरकारच्या साइटवर उघडी पडलेली आहे, कोणीही पाहू शकते. त्या माणसाला विचारा, कोणत्या शाळेचं सर्टिफिकेट, मुलाखत कोण घेणार, विषय कोणता. नाव सांगणार नाही तो, पाहा तुम्ही.

मी इंग्लंडात मिडलँड्सकडे सेकंडरीला फिजिक्स शिकवते, म्हणून पोटतिडकीने लिहून राहिली आहे. लोक सुरुवातच व्हिसापासून करतात आणि तिथंच फसतात. शिक्षकाने सुरुवात करायची आपल्या बी.एड.पासून, की ते तिकडे कोण मान्य करते. इंग्लंडात त्याला क्यूटीएस म्हणतात, क्वालिफाइड टीचर स्टेटस. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातून शिकलेल्या शिक्षकांनाही त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, पण आपल्यासाठी फक्त ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणारे. मराठी माध्यमातला इतिहासाचा शिक्षक कितीही चांगला असो, त्याला हे दार बंद आहे, तुम्हाला उघडं आहे. आणि मुख्य गोष्ट, या अर्जाला फी नाही. डिग्री, बी.एड., पात्रता मिळाल्यानंतरचा किमान एका शालेय वर्षाचा अनुभव, इंग्रजीचा पुरावा आणि तुमच्यावर शिक्षक म्हणून काही निर्बंध किंवा कारवाई नाही हे दाखवायचं. घरबसल्या होते. सोयाबीन पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे टाकून उगवण पाहतो की नाही आपण, तसं समजा. आला क्यूटीएस तर पुढे खर्च करा, नाही आला तर काही गेलं नाही.

त्यानंतर नोकरी. सरकारची टीचिंग व्हॅकन्सीज म्हणून साइट आहे, त्यात व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्या जागा वेगळ्या काढता येतात. सप्टेंबरपासून वर्ष सुरू होते म्हणून जाहिरातींचा जोर त्याच्या आधी वसंतात असते. मुलाखत व्हिडिओवर होते, बरेचदा पाठही घ्यायला लावतात. शाळेने घेतलं की मगच स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे नोकरीवरचा. कन्सल्टंट या व्हिसासाठीच्या वर्षाला किमान ४१,७०० पौंडांच्या पगाराची भीती घालेल, पण शिक्षकांना राष्ट्रीय वेतनश्रेणी धरून पाहतात. लंडनबाहेर क्यूटीएसवाल्याची सुरुवात २०२५-२६ ला ३२,९१६ पौंड आहे.

आता कडू गोष्ट. बायको-मुलीला नेता येते, पण हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी, मोठ्याला वर्षाला १,०३५ पौंड आणि लेकराला ७७६. तीन वर्षांच्या व्हिसावर तिघांचे ८,५३८ पौंड होतात, रुपयांत नऊ लाखांच्या वर, ते अर्ज करतानाच एकरकमी, व्हिसाची फी आणि टीबीची तपासणी वेगळी. काही शाळा यातला भाग देतात, मुलाखतीत विचारायला लाजू नका. नाहीतर तुम्ही आधी या, सहा-आठ महिन्यांत पगारातून जमवून त्यांना बोलवा. वहिनींना हे पटणार नाही, पण वावर गहाण ठेवण्यापेक्षा बरं.

अकोला_ते_ॲडलेड
ताईंनी सांगितलं ते सोळा आणे खरं आहे पण भाऊ, तुमचं वय पाहून मी ऑस्ट्रेलियाचं बोलतो, कारण इथं पीआरसाठी पॉइंट मोजतात आन ३३ लागलं की पाच पॉइंट जातात. २५ ते ३२ ला ३०, ३३ ते ३९ ला २५. आणि वय मोजतात ते इन्व्हिटेशन येते त्या दिवशीचं, अर्ज टाकला त्या दिवशीचं नाही, त्यामुळं ते ३० तुमच्या हाती लागणं कठीण, २५ च धरून चाला. मंग डिग्रीचे १५, पाच वर्षांवरच्या अनुभवाचे १०, आयईएलटीएस म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ७ असन तर १०, वहिनींनी सगळ्यात ६ आणले तर ५. झाले ६५. एवढे म्हणजे फक्त रांगेत उभं राहाची परवानगी, बोलावणं येईलच असं नाही. म्हणून १८९, म्हणजे राज्याच्या नॉमिनेशनबिगरचा पीआर व्हिसा, त्याच्या भरवशावर राहू नका, १९० म्हणजे राज्याचं नॉमिनेशन, त्याचे ५, आणि ४९१ म्हणजे रीजनल, त्याचे १५ वाढतात. ४९१ ही लगेच पीआर नाही, शहराबाहेरच्या भागात तीन वर्षं राहून काम केलं की १९१ म्हणजे पीआरच्या व्हिसाले अर्ज करता येते. आपल्याले खेड्यात राहाचं काय भेव, खेड्यातूनच तर आलो.

पण सगळ्यात पहिले एआयटीएसएलचं असेसमेंट, म्हणजे शिक्षकांची पात्रता तपासणारी इथली संस्था. तिथं दोन ठिकाणी आपली पोरं अडकतात. एक, इंग्रजी. रीडिंग-रायटिंगले ७ आन लिसनिंग-स्पीकिंगले ८, हो ८, आणि तेही अकॅडमिक. मराठी माध्यमात शिकवणाऱ्याले हे वर्षभर मेहनतीचं काम आहे, क्लासवाला महिन्याभरात करून देतो म्हणन तर उठून या. दुसरं, ४५ दिवसांचा सुपरवाइज्ड सराव. बी.एड.ले आपण सराव पाठ घेतो, इंटर्नशिप करतो, दिवस भरपूर भरतात, पण कॉलेजच्या पत्रात ते लिहिलेलं पाहिजे: कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गाले, किती दिवस, देखरेखीत. आपल्याकडं कॉलेज दोन ओळींचं पत्र देते, 'यांनी इंटर्नशिप पूर्ण केली', खाली गोल शिक्का, बस. त्यावर काही होत नाही. पाठ टाचणाच्या वह्या, सराव शाळेच्या मुख्याध्यापकाच्या सहीचे हजेरीपत्रक, काही असन तर आजच शोधून ठेवा, कारण विदर्भात बी.एड.ची कॉलेजं बंद पडून राहिली आहेत आन बंद झाल्यावर क्लार्क शोधत फिरा लागते.

वर्गाबद्दल बोलायचं तर इथं मी नववीले गणित शिकवतो, पोरं नावानं हाक मारतात, पहिले जड जाते. पण गणित तेच आहे.

मस्कत_रिटर्न
गल्फचं थोडक्यात सांगतो, जास्त भुलू नका. भारतीय सीबीएसई शाळांत गणितवाल्याले जागा असतात, पगार हातात येते, पण पीआर नाही, नोकरी गेली की परत. डिग्री आन बी.एड. राज्याकडून, मंग परराष्ट्र मंत्रालयाकडून, आन काही देशांसाठी मंग दूतावासाकडूनही अटेस्ट करा लागते. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर आहे का पाहा, आन असला तरी ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. मराठी माध्यमातून आले तर इंग्रजीत शिकवण्याची सवय मात्र पहिले करून घ्या, डेमोतच बाद करतात.

वर्धा_वाली
माझा नवरा अमेरिकेत जे-वन टीचर व्हिसावर आहे म्हणून सांगते. दोन वर्षांचा अनुभव लागतो, तीन वर्षं मिळतात, शाळेने मागितलं तर अजून दोन. पण हा एक्सचेंज प्रोग्रॅम आहे, परत यायसाठीच दिलेला, आणि पुन्हा त्याच प्रोग्रॅमवर जायचं तर आधी दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात. मग एच-वन-बी, म्हणजे तिथला नोकरीचा व्हिसा, करून घेऊ असं कोणी म्हटलं तर सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेर असलेल्या माणसांच्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलरची फी बसवली, कोणती सरकारी शाळा ते भरेल? कायमचं राहायचं असेल तर हा रस्ता नाही. पाच वर्षं कमवून परत येऊन घर-विहीर करायची असेल तर मात्र वाईट नाही, लेकरंही सोबत नेता येतात.

दारव्हा_सर
सगळ्यांचे लय आभार, डोक्यातलं अर्धं ओझं उतरलं. बाबांना वाचून दाखवलं. कन्सल्टंटले फोन करून शाळेचं नाव विचारलं तर म्हणे पहिले दोन लाख टोकन, मंग नाव. फोन ठेवून देल्ला.

दोन प्रश्न आहेत. माझं बी.एड. मराठी माध्यमातलं आहे, इंग्रजीचा पुरावा कुठून आणू? आन संस्थाचालकाले कळलं की हा जाऊन राहिला तर अनुभवाचं सर्टिफिकेट देणार नाही, हे मी आजच लिहून देतो.

पुसदकर_ताई
माध्यमाचं पत्र तुम्हाला चालणार नाही, परीक्षाच द्या. बी-टू लेव्हल लागते, आयईएलटीएसमध्ये प्रत्येकात ५.५, आणि ती परीक्षा यूकेव्हीआयसाठीची, म्हणजे यूकेच्या व्हिसा खात्याला चालणारी, असलेलीच घ्या, कारण व्हिसालाही २०२६ च्या जानेवारीपासून बी-टूच केलं आहे, एकाच निकालात दोन्ही कामं होतील. ५.५ म्हणजे ॲडलेडवाल्या दादांच्या ७-८ पेक्षा खूप जवळ आहे, म्हणूनच तुम्हाला पहिले इंग्लंड म्हणते. ऑस्ट्रेलियाचा अभ्यास सोबत सुरू ठेवा, इंग्रजी वाढलेली कुठंही वाया जात नाही.

संस्थाचालकाचं म्हणाल तर शिक्षणाधिकाऱ्यांचा वैयक्तिक मान्यतेचा आदेश, नियुक्तीपत्र, शालार्थच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, हे सगळं स्कॅन करून ठेवा. आणि मुख्याध्यापकांकडून अनुभवाचा दाखला आत्ताच घ्या, एम.एड.ला ॲडमिशनसाठी, बदलीसाठी लोक मागतच असतात, त्यात काही गैर नाही. फक्त त्यात विषय, वर्ग आणि तारखा इंग्रजीत लिहून मागा. राजीनामा व्हिसा हातात आल्यावरच. कायम असाल तर एमईपीएसच्या, म्हणजे खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या, १९८१ च्या नियमांनी तीन महिन्यांची नोटीस लागते, नसाल तर एक महिना, तर शाळेशी रुजू व्हायची तारीख ठरवताना ते तीन महिने धरूनच बोला.

अमरावती विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टला या आठवड्यातच अर्ज टाका, दोन-दोन प्रती मागवा. गुणपत्रिकेवरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकदा अक्षर न अक्षर जुळवून पाहा, वडिलांच्या नावासकट.