शब्दचर्चा: ‘इमोशनल एक्स्पीरियन्स’ला काय म्हणायचं? उंची ध्वनियंत्रणा आणि ‘कान निवले’

मूळ प्रश्न

शब्द अडलाय, मदत हवी आहे.

गेल्या रविवारी आईला घेऊन पार्ल्याला मामेभावाकडे गेले होते. त्याने वीसेक वर्षं पैसे बाजूला टाकत, एकेक वस्तू आणत घरातली मागची खोली गाणं ऐकण्यासाठी तयार केली आहे. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर, कमरेएवढे उंच दोन स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर. भिंतींना पुस्तकांची कपाटं, खाली जाड सतरंजी, खिडकीला दुहेरी पडदे. आई ७८ वर्षांची. गिरगावात आणि दादरला तिने रात्र रात्र मैफली ऐकल्या आहेत. भावाने तिच्यासाठी मुद्दाम माझ्या मामाची, म्हणजे त्याच्या वडिलांची, एक जुनी एलपी काढली. ही तबकडी आईने माहेरी पन्नास वेळा तरी ऐकली असेल.

त्याने ब्रशने तबकडी पुसली, सुई टेकवली. थोडी खरखर, मग तंबोरा. आणि गाणाऱ्या बाईंनी पहिला षड्ज, म्हणजे ‘सा’, लावायच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला. आई मांडीवर बोटांनी ताल धरून बसली होती, ती बोटं थांबली. बाजू संपेपर्यंत ती हलली नाही. भावाने विचारलं, “आत्या, कसं वाटलं?” ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “कान निवले रे.” आणि थोड्या वेळाने, “दादाच्या रेडिओग्रॅमवर हा श्वास नव्हता.” (दादा म्हणजे माझा मामा; रेडिओग्रॅम म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत.)

भावाकडे महिन्यातून एकदा पाच-सहा जण ऐकायला जमतात. त्यांच्यासाठी मी दोन परिच्छेदांचं टिपण लिहावं असं त्याने सांगितलं, “हाय-एंड सिस्टिमवर ऐकून आत्याला जे झालं ना, तो इमोशनल एक्स्पीरियन्स नीट मराठीत लिही.” मी ‘भावनिक अनुभव’ लिहिलं आणि लगेच खोडलं. ‘भावनिक’ हा शब्द आता भाषणांतून आणि बातम्यांतून इतका वापरला जातो की त्याला तक्रारीचा वास येतो: भावनिक आवाहन, भावनिक मुद्दा, ‘उगाच भावनिक होऊ नका’. ‘भावपूर्ण’ लिहावं तर त्याच्यामागून ‘श्रद्धांजली’ आपोआप येते. ‘हृद्य’ सत्कारसमारंभात राहिला. ‘भावुक’ म्हटलं की माणूस जरा कमकुवत वाटायला लागतो. माझी आई तशी नव्हे, आणि त्या खोलीत तिला झालं ते कमकुवतपणाचं नव्हतंच.

‘हाय-एंड’चा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. आपल्याकडे उंची अत्तर असतं, उंची कापड असतं, तशी उंची ध्वनियंत्रणा. महाग आणि जातिवंत हे दोन्ही त्यात आलं. अडलंय ते पुढचं. अशा यंत्रणेवर गाणं ऐकल्यावर आत जे होतं त्याला तुम्ही रोजच्या बोलण्यात काय म्हणता?

प्रतिसाद

ताई, शब्द यंत्र विकणाऱ्यांकडे शोधू नका, वाजवणाऱ्यांकडे शोधा. मी तबला वाजवतो, शिकवतो. आमच्याकडे आवाजाचं वर्णन करायला शब्दांची कमतरता नाही.

पहिला शब्द ‘आस’. सूर लावला, वाजवणं थांबलं, तरी मागे जो नाद रेंगाळतो तो. इंग्रजी वाचणारी मंडळी ‘डिके’ म्हणतात, म्हणजे ऱ्हास, क्षय. आपण त्यालाच आस म्हणतो. आस म्हणजे ओढही. एकाच गोष्टीकडे बघायच्या या दोन नजरा आहेत. साध्या स्पीकरवर तंबोऱ्याची आस मधेच तुटते, चांगल्यावर पुढच्या तारेला हात लागेपर्यंत पुरते.

दुसरा ‘जवारी’. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा सपाट नसतो, त्याला बेताचा उतार असतो. तार त्या उतारावर निसटती घासत राहते, खाली दोरा सारून ती जागा नेमकी करतात, आणि एका तारेतून सुरांची अख्खी रांग उठते. मिरजेचे कारागीर जवारी लावताना तासन्‌तास कान देऊन बसतात. गाणाऱ्याच्या गळ्यालाही ‘जवारीदार’ म्हणतात. तुमच्या भावाच्या यंत्रणेवर जवारी खुलली की मिटली, एवढं विचारा, तिची परीक्षा झाली.

डग्ग्याचा ‘घुमारा’, तानेचा ‘दाणा’, आवाजाचा ‘पल्ला’ हेही आहेत. पल्लेदार, दाणेदार, भरीव. यातला एकही शब्द परका नाही.

एकदा मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलासंस्थेच्या टाटा थिएटरमध्ये बसून बघा. १९८० साली उघडलेलं, फिलिप जॉन्सन यांनी उभारलेलं आणि सिरिल हॅरिस यांनी ध्वनीचा विचार केलेलं सभागृह. तिथे माइकशिवाय तंबोरा मागच्या रांगेपर्यंत येतो. तिथे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मला कळलं की आस ऐकायची असेल तर शांतताही उंची लागते.

प्रतिसाद

मी लॅमिंग्टन रोडला तीसेक वर्षं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. तबलावाल्या दादांचं पटलं, पण आमच्या टेबलावरची भाषा वेगळी. गिऱ्हाईक बिघाडाचं वर्णन पटापट करतं. आवाज फाटतो. चिरकतो. कोंदट येतो, डब्यातून आल्यासारखा. बद्द वाजतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. बसका आहे. कानाला बोचतो. हम येतो, म्हणजे मागे सतत गुणगुण चालू राहते. एवढं ऐकलं की झाकण उघडायच्या आधी निम्मा दोष समजायचा. ‘फाटतो’ म्हटलं की ताकदीपेक्षा जास्त मागणी चाललीय किंवा स्पीकरचा कोन गेलाय. ‘कोंदट’ म्हटलं की वरचे सूर गेलेत, ते देणारा छोटा स्पीकर, ट्वीटर, बघा.

दुरुस्त झालेलं यंत्र ऐकवलं की तेच गिऱ्हाईक एकच शब्द बोलायचं, “मोकळा झाला.” खूप चांगलं झालं असेल तर काहीच बोलायचं नाही, फक्त मान हलवायचं. तुमच्या आईंसारखं.

व्हॉल्व्हच्या आवाजाला पुस्तकात ‘वॉर्म’ लिहितात, हल्ली मराठीत ‘उबदार’ लिहिलेलं वाचतो. आमच्याकडे ‘उबदार’ कोणी म्हणायचं नाही, ‘गोड’ म्हणायचे. का गोड, तर साध्या रचनेचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मूळ सुरात त्याच्या दुप्पट कंपनांचा सूर किंचित मिसळतो. म्हणजे षड्जात वरचा षड्ज. तांत्रिक हिशेबाने ती भेसळच, पण सुरातली भेसळ, म्हणून कानाला खुपत नाही. ऊब अंगाला लागते, गोडी कानाला. मला तरी गोडच बरोबर वाटतं.

प्रतिसाद

माझे आजोबा परळच्या चाळीत गॅलरीत बसून ट्रान्झिस्टरवर गाणी ऐकायचे. हाताच्या पंजाएवढा स्पीकर, सेल उतरले की आवाजही उतरायचा. तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. मग ‘गहिवर’, ‘काटा येणं’, ‘भान हरपणं’ हे सगळं गाण्याचं झालं. यंत्राचं त्यात काय? उंची यंत्रणेसाठी वेगळा शब्द हवा असं म्हणणं म्हणजे आजोबांच्या रडण्याला कमी लेखणं होईल. ताई, राग मानू नका, मनापासून विचारतोय.

मूळ लेखिका

राग कसला, हाच प्रश्न मला पडायला हवा होता. दोन दिवस त्याच्यामागे होते. तिघांनाही एकत्रच उत्तर देते.

आजोबांचा गहिवर गाण्याचा होता, हे शंभर टक्के खरं. गहिवर, कालवाकालव, काटा, भान हरपणं हे शब्द ट्रान्झिस्टरलाही लागू आहेत आणि लागू राहोत. ते मी टिपणातून काढले. उरलं काय ते बघते.

एक उरलं खर्जाचं, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘सा’चं. पुरुष गायक पेटीच्या काळी एक पट्टीत गात असेल तर त्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा, आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९च्या आसपास. लहानशा ट्रान्झिस्टरच्या किंवा मोबाइलच्या स्पीकरमधून तो सूर जवळजवळ निघतच नाही. पण त्याचे वरचे स्वरांश निघतात, आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून आजोबांना खर्ज ‘कळत’ होता. भावाच्या खोलीत तो छातीच्या पिंजऱ्यात लागला, सतरंजीवर टेकवलेल्या तळहाताला लागला. याला मराठीत नेमकं क्रियापद आहे, भिनणं. औषध भिनतं, विष भिनतं, अत्तर कापडात भिनतं, तसा नाद अंगात भिनतो. कळलेला खर्ज आणि भिनलेला खर्ज यात उंची यंत्रणेची मोठी कमाई आहे.

दुसरं उरलं आईचा श्वास, म्हणजे गाणाऱ्या बाईंचा, आईने ऐकलेला. मी आधी ‘बाई समोर बसल्याचा आभास झाला’ असं लिहिलं होतं. शास्त्राने पाहिलं तर आभासच आहे. डावा आणि उजवा स्पीकर सारखाच सूर एकाच वेळी देतात, दोन्ही कानांना तो सारख्या अंतरावरून मिळतो आणि मेंदू म्हणतो, आवाज मधून आला. एका कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोचला तर तो त्या बाजूला सरकतो. मामाची तबकडी जुनी, मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारी. म्हणून बाई नेमक्या मधोमध, जिथे भावाच्या खोलीत रिकामी भिंत आहे तिथे. पण ‘आभास’ म्हटलं की फसवणूक आली, आणि आई फसली नव्हती. श्वास खरा होता. इतकी वर्षं तबकडीच्या खाचेत तो होताच, रेडिओग्रॅमच्या सुईला तो उचलता आला नाही. म्हणून मी ‘प्रत्यय’ लिहिलं. नाटकाविषयी लिहिताना आपण प्रत्ययकारी म्हणतो, तेव्हा ते खोटं असूनही खरं वाटलं असं म्हणायचं असतं. इथे उलट आहे. जे खरंच होतं आणि हरवल्यासारखं झालं होतं, त्याचा प्रत्यय आला.

दुरुस्तीवाल्या दादांनी ‘मोकळा झाला’ सांगितलं आणि माझं मोठं काम झालं. एका शोरूममध्ये (नाव सांगत नाही) विक्रेता मला सारखा म्हणत होता, “मॅडम, क्लॅरिटी बघा, डिटेल बघा.” मी बघत होते, ऐकू मात्र काही येत नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष त्या यंत्राने धरून ठेवलं होतं. ‘ट्रान्स्परंट’ला ‘पारदर्शक’ लिहितात, तो शब्द मला काचेचा आणि कारभाराचा वाटतो. आपल्याकडे ‘नितळ’ आहे, ‘निवळ’ आहे. गढूळ पाण्याच्या भांड्यात निवळीची बी उगाळून घातली की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. त्या बीने पाण्यात पाणी घातलेलं नसतं. भावाच्या यंत्रणेने गाण्यात गाणं घातलं नाही, गाळ खाली बसवला. दादा, तुमची व्हॉल्व्हची गोडी ही बारीकशी सूट आहे हे मान्य. तिला मी ‘गोड’च लिहिलं, ‘उबदार’ काढलं.

आणि आता आईचा शब्द. निवणं आणि निवळणं शेजारी ठेवले तेव्हा मला तो खऱ्या अर्थाने समजला. चहा निवतो, उन्हातून आल्यावर माठाच्या पाण्याने जीव निवतो. निवतं तेच, जे आधी तापलेलं असतं. ‘कान तृप्त झाले’ म्हटलं तर कान उपाशी होते असं होतं. ‘निवले’ म्हटलं तर कान भाजलेले होते. आई दादरला रस्त्याकडेच्या घरात राहते. सकाळी साडेपाचला बस सुरू होते, मग हॉर्न, समोरच्या इमारतीचं पुनर्विकासाचं ड्रिलिंग, गाडी पुलाखालून गेली की भांड्यांचा कपाटात होणारा किणकिणाट. या गावात राहणाऱ्या कोणाचे कान तापलेले नाहीत? त्या खोलीत आवाज निवळला आणि कान निवले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात रसाळ बोल ऐकताना कानांना जिभा फुटतात. आईच्या कानांना कातडी असावी, थंडगार हाताचा स्पर्श कळणारी.

भावाचा अजूनही आग्रह आहे की ‘इमोशनल’ला एखादं नाम हवं, शीर्षकात घालता येईल असं. मला वाटतं नामाचा नाद सोडावा. अशा वेळी मराठी माणूस नाम वापरत नाही, क्रियापद वापरतो, आणि बरेचदा कर्त्याशिवाय. उजाडलं, गडगडलं, मळमळलं यांना व्याकरणात भावकर्तृक म्हणतात, कोणी केलं ते सांगता येत नाही. ‘मला भरून आलं’ त्यांच्याच वळणाचं. काय भरलं, कोणी भरलं? आभाळासारखं आपोआप आलं. ‘मी इमोशनल झाले’ म्हटलं की सगळं माझ्याकडे येतं. ‘भरून आलं’ म्हटलं की मी नुसती तिथे असते, गाण्याच्या समोर.

टिपणाचा पहिला परिच्छेद असा झालाय: “सुई टेकली आणि बाईंनी श्वास घेतला. खर्ज अंगात भिनला, जवारी खुलली, यंत्र कुठे आड आलं नाही. बाजू संपली तेव्हा आत्याला भरून आलं होतं. ती म्हणाली, कान निवले.”

आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “खुलली नको लिहू, उमलली पण नको, जवारी बोलली लिही.” तसा बदल केला.

तबलावाल्या दादा, एकच विचारायचं राहिलं. ‘आस’ तुमच्या शिकवण्यात राहते म्हणतात, येते म्हणतात की लागते? दुसऱ्या परिच्छेदात त्या क्रियापदापुरती जागा मोकळी ठेवली आहे.