रंग उतरवलेली हेचिन्स सायकल फ्रेम कशी तपासायची?

प्रश्न: लंडनच्या हेचिन्स या सायकल बनवणाऱ्यांची म्हणून एक जुनी स्टीलची फ्रेम विकत घेतोय. रंग नाही, स्टिकर नाहीत. मागचे नळ मात्र नागमोडी आहेत. तेवढ्यावर भरवसा ठेवावा का?

उत्तर १: नाही. नागमोडी नळ ही त्यांची १९३० च्या दशकापासूनची खूण खरी, पण वाकवलेले नळ कोणीही नंतर बसवू शकतो. लग बघा, म्हणजे जोडावर नळ ज्यात बसवतात त्या स्टीलच्या बाह्या. हेचिन्सचे नक्षीदार लग कानशीने घासून टोकाकडे पातळ केलेले असतात. कडा जाड, बोथट असतील तर संशय घ्या. सीटट्यूबमध्ये (सीटखालच्या उभ्या नळात) २७.२ मिमीची सीटपोस्ट (सीटचा दांडा) बसली तर नळ पातळ, दर्जेदार असण्याची शक्यता जास्त. पण तो पुरावा नव्हे.

उत्तर २: जोडही बघा. पितळेचा झाळ (जोडात वितळवून भरलेला धातू) साधारण ९०० अंश सेल्सिअसला वितळतो, चांदीचा ६५०च्या आसपास. चांदी फट भरत नाही, लग आणि नळात ०.१ मिमीपर्यंतच जागा हवी. लगच्या कडेला सलग बारीक रेघ दिसली तर झाळ आतपर्यंत ओढला गेलाय. मध्येच काळा खड्डा असेल तर तिथे फ्लक्स (झाळताना लावायचं रसायन) अडकलाय, गंज तिथूनच लागतो.

प्रश्नकर्ता: सीटलगच्या (सीटट्यूबच्या वरच्या लगच्या) टोकाशी केसाएवढी भेग आहे.

उत्तर २: मग घेऊ नका. नळ बदलायला लागेल, आणि ते काम फ्रेमपेक्षा महाग पडेल.