मुरवलेली टोमॅटोची कोशिंबीर: सुटलेल्या पाण्याचं काय करता?

टोमॅटो चिरले, मीठ घातलं आणि पानं वाढेपर्यंत वाडग्यात पाणीच पाणी! यावर तुमच्याकडे काय उपाय करता ते मापासकट आणि वेळेसकट लिहा. कृपया ‘मीठ अंदाजाने’ लिहू नका, नवशिक्यांना त्याचा काही उपयोग होत नाही.

——

पाणी सुटू नये म्हणून धडपडण्यापेक्षा ते आधीच सोडवून घ्यावं. अर्धा किलो पिकलेले पण घट्ट टोमॅटो, एक सपाट छोटा चमचा (५ ग्रॅम) बारीक मीठ. देठाकडचा कडक गाभा काढून प्रत्येकाच्या आठ फोडी करायच्या, मीठ घालून हलक्या हाताने वरखाली करायच्या आणि चाळणीत अर्धा तास ठेवायच्या, खाली वाडगा. पाव वाटीच्या आसपास रस निथळतो. तो अजिबात ओतून देऊ नका, चव त्यातच उतरलेली असते. त्यात एक मोठा चमचा व्हिनेगर, अर्धी ठेचलेली लसूण पाकळी आणि मिरपूड घालून फेटायचं, मग तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल बारीक धारेने. फेटता फेटता रस फिकट केशरी आणि दाटसर होतो. तसा झाला की फोडी त्यात सोडून वीस मिनिटं झाकून ठेवायच्या, फ्रीजबाहेर. वरून मीठ घालायचं नाही, कारण निथळलेलं मीठ रसातून परत आलेलंच असतं.

——

बिया काढू नका. त्यांच्याभोवतीच्या बुळबुळीत गरात आंबटपणा आणि ग्लुटामेट (चव खुलवणारा घटक) बाहेरच्या मांसल भागापेक्षा जास्त असतं.

——

वरची वेळ सगळ्या टोमॅटोंना लागू नाही. बाजारातला लांबट, जाड सालीचा संकरित टोमॅटो लांबच्या प्रवासात टिकावा असा असतो. गर घट्ट, रस कमी, त्यामुळे निथळायला पाऊण तास द्या. गावरान, चपटा टोमॅटो पंधरा मिनिटांतच रस सोडतो. जास्त ठेवलात तर साल सुटून लगदा होतो. तो मुळात आंबट, म्हणून व्हिनेगर निम्मं. आणि टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने वास मरतो.

——

आपल्या कोशिंबिरीतही निथळलेला रस वापरता येतो. चार टोमॅटोंच्या रसात एक छोटा चमचा साखर विरघळवून फोडींवर परत घालायची. दोन मोठे चमचे जाडसर दाण्याचं कूट मात्र पानं घेतल्यावरच. कूट पाणी पिऊन फुगतं आणि दहा मिनिटांत कोशिंबिरीचा गोळा होतो. हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी थेट टोमॅटोवर ओतली तर वरच्या फोडी शिजल्यासारख्या होतात. ती कुटाच्या ढिगावर ओतायची, चर्र झालं की मग कालवायचं.

——

कांदा घालणार असाल तर उभा, पातळ चिरून चिमूटभर मिठासह दहा मिनिटं व्हिनेगरमध्ये ठेवा. उग्रपणा जातो, कडा गुलाबी होतात. गोव्याचं माडाचं व्हिनेगर मिळालं तर तेच घ्या, चव सौम्य असते. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं. कल्हई नसलेल्या पितळेत टोमॅटो कळकतो.

——

उरलं तर लगेच फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवायचं. तेलात बुडालेली कच्ची लसूण बाहेर ठेवू नये. तिथे हवा पोचत नाही आणि बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात. ऑलिव्ह तेलाच्या पांढऱ्या कण्या दिसल्या तर घाबरू नका, अर्धा तास बाहेर ठेवलं की विरघळतात.

उरलेल्या रसाचं सोनं करायचं तर इटलीतल्या टस्कनीचा पान्झानेला, म्हणजे पाव घातलेली टोमॅटोची कोशिंबीर, करा. कालच्या कडक पावाचे दोन मुठी तुकडे रसात पंधरा मिनिटं भिजू द्यायचे. गोव्याचा उंडो (गोल, कडक कवचाचा पाव) चालेल, सँडविचचा मऊ पाव नको, त्याची लापशी होते.