चाकूच्या मुठीवरचा मिश्र डीएनए: ‘संशयिताला वगळता येत नाही’ याचं वजन किती?

प्रश्न (वाचनवीर)
सरावाच्या एका अहवालावर अडलोय. मुठीवरच्या स्वॅबमधून (नमुना पुसून घेतलेल्या कापसाच्या काडीतून) मिश्र, म्हणजे एकाहून जास्त व्यक्तींचं डीएनए प्रोफाइल आलंय. डीएनएवरच्या डी१८एस५१ या जागेवर आलेखातली शिखरं अशी (आकडा म्हणजे तिथला छोटा तुकडा किती वेळा पुन्हा येतो ते; प्रत्येकाला आईकडून एक, वडिलांकडून एक): १५ (उंची १८००), १८ (१६५०), १२ (२२०), १७ (१७०), १४ (१५०). १५,१८ हा जखमी महिलेचा प्रकार. संशयित १२,१४. निष्कर्ष: ‘वगळता येत नाही’. म्हणजे तो जुळला का?

पट्टीपाहणी
नाही. पीसीआरमध्ये (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या प्रक्रियेत) नक्कल होताना कधीकधी एक पुनरावृत्ती गळते आणि खऱ्या शिखराच्या एक घर आधी छोटं शिखर उमटतं. त्याला स्टटर म्हणतात. त्याची उंची साधारण मूळ शिखराच्या ५ ते १५ टक्के असते. इथे १४ हे १५च्या ८ टक्के आणि १७ हे १८च्या १० टक्के. दोन्ही स्टटरमध्येच बसतात.

आता उलटा हिशेब करा. संशयिताचं १२ जर २२० उंच असेल, तर त्याचं १४ही त्याच्या आसपास हवं. त्यात १५चा स्टटर मिसळला की ते साडेतीनशेच्या घरात जायला हवं. दिसतंय फक्त १५०. म्हणजे १४ नसण्याकडेच कल जास्त. १२,१२ किंवा १२,१५ असलेली व्यक्ती इथे जास्त चपखल बसते, १२,१५ असेल तर तिचं १५ महिलेच्या शिखराखाली झाकलं जातं.

थेंबभर
वरच्या हिशेबात एक पाचर मारतो. पीसीआरमध्ये एकूण ०.५ नॅनोग्रॅम डीएनए घातला असेल आणि दुसऱ्या व्यक्तीचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास असेल, तर तिचा डीएनए भरतो जेमतेम ०.०५ नॅनोग्रॅम. एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम, म्हणजे सात-आठ पेशी! इतक्या कमी मालात एक अलील (आई किंवा वडिलांकडून आलेला प्रकार, जसा इथे १२) जोरात वाढतो आणि जोडीदार मागे पडतो किंवा पूर्ण गळतो. म्हणून प्रयोगशाळेने त्याला वगळलं नाही, ते बरोबरच. पण ‘वगळता येत नाही’ हा पुरावा नव्हे. सगळ्या जागा मिळून लाइकलिहूड रेशो (दोन शक्यतांची तुलना करणारा आकडा) किती आला आणि किती व्यक्ती धरून काढला, ते मागा. आकडा नसेल तर त्या वाक्याला वजनच नाही.

आकडा वाचतानाही जपून. रेशो १००० म्हणजे ‘तो दोषी असण्याची शक्यता हजारपट’ नव्हे. डीएनए त्याचा आहे असं धरलं, तर हा निकाल दिसण्याची शक्यता अनोळखी माणसाचा धरण्याच्या तुलनेत हजारपट, इतकंच.

वाचनवीर
मग नमुना पुन्हा चालवून उलगडेल का? पीसीआरच्या सायकल (प्रती काढण्याच्या फेऱ्या) वाढवून?

पट्टीपाहणी
सायकल वाढवल्या तर स्टटर आणि बाहेरून आलेला किरकोळ डीएनएही वर येतो, गोंधळ वाढतो. त्याच अर्काचे दोन-तीन स्वतंत्र पीसीआर करून कुठलं शिखर टिकतं ते पाहणं बरं. मुख्य वाटा महिलेचा आहे, तेव्हा वाय-एसटीआर (फक्त पुरुषांत असलेल्या वाय गुणसूत्राची चाचणी) लावा: तिचा डीएनए आपोआप बाजूला पडतो. मात्र वडील, भाऊ, काका यांचं वाय-प्रोफाइल सहसा एकच असतं, त्यामुळे त्यातून वगळणं पक्कं, ओळख पटवणं नाही.

पाकीटवाला
मूळ दुखणं बहुधा नमुना घेतानाच झालंय. पात्यावरचं रक्त आणि मुठीवरचा स्पर्श एकाच स्वॅबवर घेतला की रक्त सगळं बुडवतं. मूठ वेगळी, पातं वेगळं. निर्जंतुक पाण्याचा थेंब टाकलेला स्वॅब फिरवत घासायचा, लगेच त्याच जागी दुसरा कोरडा. दोन्ही वाळवून कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये ओल राहिली की जिवाणू डीएनए खातात. न वापरलेला एक स्वॅबही सोबत पाठवायचाच, म्हणजे डीएनए मुळात स्वॅबवरच असेल तर कळतं. जर्मनीत अनेक गुन्ह्यांत जिचा डीएनए सापडला ती ‘अज्ञात स्त्री’ २००९ मध्ये स्वॅब तयार करणाऱ्या ठिकाणच्या कामगाराची निघाली होती.

आणि डीएनए त्याचाच ठरला, तरी तो मुठीवर कधी आणि कसा आला हे प्रोफाइल सांगत नाही. हस्तांदोलनातूनही दुसऱ्याच्या हाताने पोहोचू शकतो.